गबाळी माशी : कोकणात बसून ट्राउटसाठी इमर्जर बांधायचा तर

माझं कणकवलीत शिलाईचं दुकान आहे. दिवसभर ब्लाउज, शाळेचे गणवेश, पँटची उंची कमी करणं. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की मशीनच्या टेबलाला गळ धरणारा एक छोटा व्हाइस लावतो आणि नखाएवढ्या गळावर पिसं, केस गुंडाळून माशाला फसवायची नकली माशी बांधत बसतो. त्यातलीच एक जात म्हणजे इमर्जर, पाण्यातून बाहेर पडणाऱ्या किड्याची नक्कल. गिऱ्हाइकं आधी हसायची. आता त्यातलीच काही 'आमालाय शिकव' म्हणून येतात. देवगडहून, कुडाळहून पोरं येऊन गेली. प्रत्येकाला तेच सांगायचं, तेच विसरायचं, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

पहिली गोष्ट, म्हणजे नंतर माझ्या नावाने शिमगा नको. ट्राउट कोकणात नाही. हा थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा. आपल्याकडच्या नद्यांत तो जगणार नाही. ब्रिटिशांनी त्याची अंडी आणून आधी काश्मीरच्या आणि मग १९०९ च्या सुमारास हिमाचलात कुलूकडच्या पाण्यात सोडली. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरांत रेनबो ट्राउट आहे. मी जातो तो हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात, ब्राउन ट्राउटच्या मागे. बांधकाम मात्र सगळं इथे, पावसाळ्यात, दुकानात.

दुसरी गोष्ट. शिलाईवाल्याचा हात असल्याने माझ्या पहिल्या वर्षीच्या माशा बघण्यासारख्या होत्या. वेटोळ्याशेजारी वेटोळं, कुठे एक केस बाहेर नाही. त्या घेऊन तीर्थनवर तीन दिवस उभा राहिलो. मासे येत, नाकाशी येऊन बघत आणि परत जात. तिसऱ्या दिवशी एक माशी दगडाला घासून अर्धी उसवली. बदलायचा कंटाळा आला म्हणून तशीच टाकली आणि तिलाच मासा लागला. आधी वाटलं नशीब. मग चौथ्या दिवशी खिशातल्या सेफ्टी पिनने आणखी तीन माशा मुद्दाम उसवल्या. त्यांनाही लागले. या लेखात पुढे 'गबाळी' हा शब्द पुन्हापुन्हा येईल, तो कौतुकाने घ्या.

१. आधी किडा बघा

हे पाऊल सगळे गाळतात आणि मग माझ्याकडे येऊन 'पिसं कुठली वापरू' विचारतात.

मे-फ्लाय नावाचा किडा आयुष्याचा बहुतेक काळ नदीच्या तळाशी दगडाखाली काढतो. तेव्हा त्याला निम्फ म्हणतात. पंख फुटायची वेळ आली की निम्फ वर पृष्ठभागाशी येतो, पाठीवरची कातडी फाटते आणि आतून पंखवाला किडा बाहेर पडतो. पुढे त्याचं आयुष्य काही तासांचं, फार तर काही दिवसांचं. हा बाहेर पडण्याच्या बेतातला, अर्धा कातडीत अडकलेला आणि अर्धा मोकळा झालेला किडा म्हणजे इमर्जर.

पाण्याच्या वरच्या थराला एक पापुद्रा असतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण एवढ्याशा किड्याला तो फोडून वर यायला जीव काढावा लागतो. तोवर ना पळता येत, ना उडता येत. आपल्याकडे कात टाकलेली मऊ कुर्ली जशी दगडाच्या सांदीत निपचित पडून असते आणि खाडीतला प्रत्येक मासा तिच्यावर टपलेला असतो, तसंच हे. कुर्लीला निदान लपायला सांद मिळते. या किड्याला तीही नाही. ट्राउट अशा वेळी वर उडणाऱ्या किड्यांमागे धावत नाही, अडकलेले टिपत राहतो.

हे बघायला हिमाचल गाठायची गरज नाही. जानेवारी-फेब्रुवारीत गडनदीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी जा. वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड उचलून खालची बाजू बघा. चपटं अंग, मागे दोन-तीन शेपट्या आणि पोटाच्या कडेला सतत हलणारे कल्ले दिसले की तो मे-फ्लायचा निम्फ. बशीत थोडं पाणी घेऊन त्यात ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. त्याच्या अंगावर एकही सरळ, गुळगुळीत रेघ नाही. पाय कुठेही, केस कुठेही, कल्ले थरथरतायत. बघून झालं की दगड होता तसा ठेवा.

२. हत्यारं

इथे वेळ घालवत नाही, थोडक्यात सांगतो.

व्हाइस: गळ घट्ट धरणारा एवढीच अट. सुरुवातीला साधा पुरतो. फिरणारा महागडा व्हाइस पहिल्या वर्षी नको.

बॉबिन होल्डर: शिलाई मशीनची बॉबिन डोक्यात असेल तर ती विसरा. इथे दोऱ्याचं रीळ दोन तारांमध्ये धरलेलं असतं आणि दोरा एका बारीक नळीतून बाहेर येतो. नळीचं टोक खरखरीत असेल तर दोरा तुटतच राहतो, आणि नवखा माणूस दोष दोऱ्याला देतो. विकत घेताना नळीच्या तोंडावरून नख फिरवून बघा.

कात्री: टोकाशी बारीक आणि फक्त याच कामाला ठेवलेली. तांब्याची तार तिने कापायची नाही.

सुई: संपलेल्या बॉलपेनच्या नळीत जाड सुई उलटी खोचून मेणाने पक्की करा. गाठीवर नेलपॉलिश टाकायला, गळाचं भोक मोकळं करायला, केस उपसायला हीच.

गाठीसाठी नळी: शेवटची गाठ मारायचं वेगळं हत्यार मिळतं. पण बॉलपेनची पुढची टोकदार टोपी काढून तिच्यावर दोऱ्याचा फास घेऊन गळाच्या डोळ्यावर सरकवला की तेच काम होतं. असे तीन फास घ्या.

वेल्क्रो: लहान मुलाच्या जुन्या बुटाचा, खरखरीत बाजूचा तुकडा. सगळ्यात स्वस्त आणि या माशीसाठी सगळ्यात महत्त्वाचं हत्यार.

३. साहित्य : काय विकत, काय गावातून

गळ: पुढून मागे कमानीसारखा वाकलेला, बारीक तारेचा, १४ नंबर. आपल्याकडे गरीने मासे काढणाऱ्यांना सांगायला नको, पण नव्यांसाठी सांगतो, नंबर वाढला की गळ लहान होतो. १२ नंबरवर शिका, १४ वर मासे धरा, १६ आणि १८ पुढच्या वर्षी. हा गळ बाजारातल्या गरीच्या दुकानात मिळत नाही, मागवावाच लागतो. खाडीत जिताड्याला लावतो तसल्या जाड गळावर माशी बांधलीत तर ती तरंगणारच नाही.

दोरा: ७० डेनिअरचा, तपकिरी किंवा ऑलिव्ह. मी अर्थातच आधी दुकानातला शिवणदोरा लावून बघितला. तो याच्या तिपटीहून भरीव असतो. आठ वेढ्यांत गळाचं डोकं चण्याएवढं झालं. दोरा मागवा.

तार: तांब्याची बारीक तार. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जाऊन ३८ किंवा ४० गेजची तार मागा. जळक्या मोटरीतली वीतभर तार फुकट मिळते. ३८ गेज म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर.

केस: जगभर या माशीसाठी सशाच्या चेहऱ्याचे आणि कानाचे केस वापरतात, कारण ते आखूड, ताठ आणि रंगाने मिसळलेले असतात. त्यात खालची मऊ लव आणि वरचे टोचरे केस असे दोन्ही हवेत. नुसती लव घेतलीत तर माशी कापसाच्या बोळ्यासारखी दिसेल. पण आपल्या रानातला ससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. कोणी 'रानातून आणून देतो' म्हणालं तर नको म्हणा. तयार रंगवलेले केस पाकिटात मिळतात. कोणाकडे पाळीव ससे असतील तर कंगव्यात निघालेले केस मागून घ्या आणि त्यात बारीक कातरलेले सुतळीचे तंतू मिसळा. सुतळीचा ताठपणा सशाच्या टोचऱ्या केसांची उणीव बऱ्यापैकी भरून काढतो.

पंखासाठी पिसं: यांना सीडीसी म्हणतात. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ 'बदकाचं ढुंगण', आणि नाव अगदी खरं आहे. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिच्याभोवतीची ही बारीक, भुरभुरीत पिसं. त्यांच्या तंतूंत हवा अडकते, म्हणून ती तरंगतात. एका बदकात ती थोडीच असतात, त्यामुळे एक पाकीट विकत घेणं सोपं. माझ्या मामीकडे बदकं आहेत. तिला मागितली तेव्हा म्हणाली, "कशाक रे तुका ती पिसां? उशी शिवतंस?" मासे धरायला म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की पुढचा आठवडाभर मी तिकडे फिरकलो नाही. नंतर तिनेच डबीत भरून पाठवली.

कोंबड्याची पिसं: गावात राखण (देवाला कोंबडा) दिली की गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं उकिरड्यावर जातात. ती मागून घ्या, शाम्पूच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. पाण्यावर ताठ उभ्या राहणाऱ्या 'कोरड्या' माशीला ती चालत नाहीत, फार मऊ आणि पाणी पिणारी असतात. इमर्जरचे पाय करायला मात्र झकास. लालसर तपकिरी सगळ्यात उपयोगी. रानकोंबड्याला हात लावू नका. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याची मानेची ठिपकेदार पिसं एकेकाळी विलायतेत सामन माशांच्या गळांसाठी जायची. आज तो पक्षी संरक्षित आहे आणि ती पिसं घरात सापडली तर पंचाईत होईल.

मोरपीस: गळलेल्या पिसाऱ्यातल्या एकाच पिसाच्या काड्या वर्षभर पुरतात.

कातडीसाठी: इमर्जरच्या मागे सुटत आलेली जुनी कातडी लोंबत असते. तिच्यासाठी चमकणारा पॉलिस्टरचा धागा हवा. राखीच्या गोंड्यात असतो तसला, फिका पिवळट किंवा तपकिरी. श्रावण संपला की घरात ढीगभर राख्या पडलेल्या असतात.

शिवाय मधाच्या पोळ्याचं मेण आणि बिनरंगी नेलपॉलिश.

४. पावसाळ्यापासून वाचवा

हिमाचलच्या माणसाला हे पाऊल लिहावं लागणार नाही. आपल्याला लागतं. पहिल्या जूनमध्ये मी शंभर गळ प्लास्टिकच्या डबीत ठेवून निश्चिंत झालो. गणपतीत डबी उघडली तर निम्म्यांवर तांबूस पावडर. एवढ्या बारीक तारेचा गळ नुसता डागाळला तरी तिथे मोडतो. आता गळ घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवतो, आत सिलिका जेलच्या पुड्या. बुटांच्या खोक्यात येतात त्या टाकू नका, महिन्यातून एकदा तव्यावर मंद गरम केल्या की पुन्हा कामाला येतात. कागदी पुडी असेल तर आधी आतले दाणे वाटीत काढा.

पिसांना दोन शत्रू, कसर आणि झुरळ. बाहेरून आणलेलं कुठलंही पीस किंवा कातडं आधी पिशवीत बंद करून तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. घरात काय ऐकून घ्यावं लागतं ते सांगत नाही. मग झिपच्या पिशवीत, प्रत्येक प्रकार वेगळा, आणि पिशव्या सगळ्या स्टीलच्या डब्यात. डांबरगोळी चालते, पण बदकाच्या पिसांच्या डब्यात मी ठेवत नाही. तो वास माशाला आवडत असेल असं मला वाटत नाही, मला तर नाहीच आवडत.

५. बांधणी

पंखा बंद करा. हे सगळ्यात आधी. मग हात साबणाने धुवा, खोबरेलाचा अंश बोटांना असेल तर बदकाचं पीस चिकटून त्याची वात होते.

क) गळ धरा. व्हाइसमध्ये लावायच्या आधी टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. सोडायचा मासा सहज सुटतो आणि स्वतःच्या बोटात गेला तरी निघतो. बांधून झाल्यावर दाबायला गेलात तर कधी गळच मोडतो आणि अर्धा तास वाया जातो. मी ते तीनदा केलंय.

ख) दोरा लावा. डोळ्याच्या मागे थोडी जागा सोडून दोरा सुरू करा आणि मागे नेत, कमानीच्या वळणात अर्ध्यापर्यंत उतरवा. अंग वाकून खाली लोंबायला हवं, ते इथे ठरतं. वेढे शेजारी शेजारी हवेत असा हट्ट नको.

ग) कातडी. राखीच्या गोंड्याचे आठ-दहा तंतूच घ्या, बोटांनी पिंजा आणि मागे बांधा. लांबी अंगाच्या निम्मी. नवखे इथे झुपका लावतात आणि माशीला झाडू येतो. मोजून घ्या आणि त्यातलेही दोन काढून टाका.

घ) तार. तिथेच तांब्याची तार बांधून मागे सोडून द्या.

च) अंग. सगळी माशी इथे जमते किंवा फसते, म्हणून जरा थांबतो. दोऱ्याला मेणाचा ओझरता हात लावा. केसांची चिमूट घ्या, तुम्हाला वाटते त्याच्या निम्मी. ती दोऱ्यावर ठेवून अंगठा आणि तर्जनीत एकाच दिशेने वळा. समईची वात मांडीवर वळतो तशी, पुढे मागे केलं की जेवढं वळलं तेवढं उलगडतं. ही वात फुलवात नको, निरांजनाचीही नको. दोऱ्याभोवती नुसता धुरकट पदर दिसावा, मधून दोरा डोकावला तरी चालेल. आता ही वात मागून पुढे गुंडाळा, मागे बारीक आणि पुढे किंचित जाड. अंगाच्या दोन तृतीयांशावर थांबा. पुढची जागा रिकामी राहू द्या, तिथे अजून बरंच यायचंय.

माझ्याकडे शिकायला आलेल्या एका पोराने पहिल्या माशीला जे अंग केलं ते बघून मी म्हटलं, हा बाळंतविडा कोणासाठी? त्याने अर्धं उलगडून टाकलं. पुन्हा जाड. चौथ्या वेळी त्याला वाटलं की आता काहीच उरलं नाही, आणि तेव्हा ते बरोबर होतं.

छ) तारेचे वेढे. दोरा ज्या दिशेने गुंडाळला त्याच्या उलट दिशेने चार-पाच वेढे, मोकळे. उलट घेतल्याने तार केसांत बुडत नाही आणि अंग बांधून धरते. दोऱ्याने पक्की करा आणि तार कात्रीने कापू नका. हलवत राहा, मुळाशी आपोआप तुटते.

ज) पंख. बदकाची दोन पिसं घ्या, टोकं जुळवा. टोकं पुढे, गळाच्या डोळ्याच्या पलीकडे जातील अशी ठेवून डोळ्याच्या जरा मागे पाच-सहा घट्ट वेढे. पिसं बोटात धरूनच पहिले दोन वेढे घ्या, नाहीतर सगळा झुपका गळाभोवती फिरतो. मागची देठं कापून टाका. पंख अंगाएवढा लांब ठेवा. जास्त झाला तर कात्री नको, नखांच्या चिमटीत धरून तोडा. कात्रीने सरळ रेघ येते, आणि किड्याच्या अंगावर सरळ रेघ नसते हे पहिल्या पायरीत बघितलंय.

झ) छाती. देठांवर पुन्हा केसांची वात, या वेळी जरा सैल आणि टोचऱ्या केसांची. तीन-चार वेढे. पाय हवे असतील तर कोंबड्याच्या पिसाचा इथे एकच फेरा. जास्त नको, इमर्जरचे पाय अजून पोटाशीच असतात. केसांऐवजी मोरपिसाच्या दोन काड्या गुंडाळल्या तरी सुंदर दिसतं, पण त्या नाजूक असतात, माशाच्या दातांनी पहिल्याच झटक्यात तुटतात. म्हणून काड्या आधी दोऱ्याबरोबर पिळून मग गुंडाळा.

ट) गाठ. दोरा पंखाच्या पुढे आणा, पंखाच्या बुडाशी तीन-चार वेढे देऊन तो जरा उभा करा. मग डोळ्यामागे गाठ. डोळा बुजला असेल तर तुम्ही घ) पासूनच घाईत होतात. सुईच्या टोकावर नेलपॉलिशचा एक थेंब घेऊन फक्त गाठीला. थेंब पंखाला लागला तर पीस तो शोषून घेतं आणि माशी कायमची बुडते. दुरुस्ती नाही, टाकून द्या.

ठ) गबाळेपण. आता वेल्क्रो. छातीच्या खालच्या बाजूने आणि अंगाच्या कडेने दोन-चारदा ओढा, म्हणजे आडवेतिडवे केस बाहेर येतात. तेच पाय, तेच कल्ले. हे करताना पहिल्या वेळी मला माझ्याच हाताने शिवलेला सदरा फाडतोय असं वाटलं होतं. करा. पंखाला मात्र वेल्क्रो लावू नका.

याच जातीची एक प्रसिद्ध माशी आहे, क्लिंकहॅमर. हान्स व्हॅन क्लिंकन या डच माणसाने ती १९८० च्या दशकात नॉर्वेच्या नद्यांवर बांधली. त्यात वर उभा पांढरा खुंट आणि त्याच्याभोवती आडवं गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस असतं. खळाळत्या पाण्यात ती जास्त तरंगते. पण पहिली माशी म्हणून ती घेऊ नका. वरची पंचवीस वेळा बांधा, मग तिकडे वळा.

६. बरणीतली परीक्षा

हॉर्लिक्सची जुनी काचेची बरणी पाण्याने काठोकाठ भरा. माशीचं अंग थुंकीने ओलं करा, पंख कोरडा ठेवा, आणि वरून अलगद सोडा. बरणी डोळ्यासमोर धरून बाजूने बघा. पंखाचा झुपका पाण्यावर आणि अंग पापुद्र्याखाली तिरकं लोंबतंय, असं हवं.

पूर्ण आडवी पडली तर अंग कोरडं राहिलंय, किंवा तारेचे वेढे कमी पडलेत. बुडाली तर केस जास्त झालेत किंवा पीस कमी. एका कुशीवर वळली तर पंख मध्यावर नाही. दोष वहीत लिहून ठेवा, पुढची माशी तो दोष काढून.

मग बरणी डोक्यावर उचलून खालून बघा. मासा बघतो ते असं. तुमचे सगळे रंग जवळजवळ गायब होतात. उरतो एक काळपट, केसाळ आकार आणि पापुद्र्याला पडलेली खळी. हे बघितल्यापासून मी रंगांच्या छटांवर डोकं खाणं सोडून दिलं.

वाहत्या पाण्यातली चाचणी पावसाआधी गडनदीत घेता येते. बोटभर चंदेरी मासे १६ नंबरच्या माशीला टोचा मारतात, त्यातून वेळेवर झटका द्यायचा सराव होतो.

७. जाण्याआधीची कागदपत्रं

सरकारी ओळखपत्र, मूळ आणि दोन झेरॉक्स. हिमाचलच्या मत्स्य विभागाचा गळाने मासे धरायचा परवाना. तो तिथे पोचल्यावर मिळतो, राहण्याच्या ठिकाणचे लोक काढून देतात, पण पावती स्वतःच्या हातात घ्या आणि पाण्यावर जवळ बाळगा. पाण्याचा कुठला पट्टा, किती मासे, किती लांबीचे, हे पावती घेतानाच विचारून लिहून ठेवा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत शिरायचं तर उद्यानाची वेगळी परवानगी.

तारखा: १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटची मासेमारी बंद. माशांचा विणीचा काळ असतो. मार्च-एप्रिल चांगले, मेच्या मध्यापासून बर्फ वितळून पाणी गढूळ होतं, मग पाऊस, मग पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. आपल्याकडची आंब्याची धांदल सुरू व्हायच्या आत, मार्चमध्ये जाऊन या. कोकण रेल्वेवरून मंगला एक्सप्रेस थेट हजरत निजामुद्दीनला नेते. दिल्लीहून मनालीकडे जाणारी रात्रीची बस, औटला उतरायचं, आणि बंजारमार्गे गुशैणी.

८. पाण्यावर

पोचल्या पोचल्या पाण्यात उतरू नका. काठावर बसा आणि मासा वर येतो तेव्हा काय होतं ते बघा. पाण्यावर बुडबुडा राहिला तर त्याने वरचा किडा हवेसकट गिळलाय. नुसता फुगवटा आला, पाठ आणि शेपूट दिसली, पण बुडबुडा नाही, तर तो पापुद्र्याखालचं खातोय. ही तुमची वेळ.

माशीला बांधायचा शेवटचा दोरा ५एक्स, साधारण ०.१५ मिलिमीटर. पाणी फार नितळ असेल तर त्याहून बारीक, ६एक्स. माशी माशाच्या चार-पाच फूट पुढे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि प्रवाहाबरोबर येऊ द्या. दोऱ्याने ती ओढली गेली, पाण्यावर रेघ उमटली, की मासा गेला. आपल्याकडे कालावलच्या खाडीत गरी टाकून आमचे तात्या तासभर हलायचे नाहीत, तीच सवय इथे उपयोगी पडते. मासा लागला की मोठा हिसका नको, काठी नुसती वर उचला.

बदकाच्या पिसाला तेलकट, जेलसारखं तरंगण-औषध लावू नका. तंतू चिकटतात आणि पिसाचा सगळा गुण जातो. सिलिकाची कोरडी पावडर मिळते, ती वापरा. मासा धरल्यावर पंखाला चिकटा लागतो. माशी पाण्यात खळबळून धुवा, सुती पंच्यात दाबा, दोन फुंकरा मारा, मग पावडर. तरीही बुडायला लागली तर तिला टोपीला अडकवून वाळू द्या आणि दुसरी बांधा. एका सकाळी तीन-चार लागतात, म्हणून एकाच प्रकारच्या निदान डझनभर न्या.

घरी आल्यावर ओल्या माशा डबीत बंद करू नका. दोन दिवस हवेवर, मग सिलिकासकट डबीत. माझ्या दुकानातल्या टाचण्यांच्या उशीवर मागच्या खेपेच्या तीन माशा अजून खोचलेल्या आहेत. एकीची तार सुटून बाहेर आलीय आणि छातीचे केस निम्मे गेलेत. मार्चमध्ये पहिली तीच टाकणार आहे.